महिनाभर फक्त भयकथा आणि काळोख्या अद्भुतकथा: भीती बोथट होते का?

सांजवात

नमस्कार मंडळी. गेला महिना मी ठरवून भयकथा आणि काळोख्या अद्भुतकथांखेरीज काहीही वाचलं नाही. मधे मन हलकं करायला एखादं विनोदी पुस्तक किंवा प्रवासवर्णन, तेही नाही. एकाच प्रकारात इतका वेळ मुक्काम केला की मनाचं काय होतं, हे मला बघायचं होतं.

सुरुवातीच्या रात्री चांगलीच टरकले. मग हळूहळू लेखकाचा हात दिसायला लागला. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून कुत्रं गुरगुरलं की पुढच्या दोन पानांत काय येणार ते कळायचं. आरसा आला की कळायचं, जुनी डायरी सापडली की कळायचं, 'त्या खोलीत जाऊ नका' म्हणणारा म्हातारा नोकर आला की तर पक्कंच. महिना निम्म्यावर आला तेव्हा पिशाच्च, राक्षस, रक्त यांचं मला काहीच वाटेनासं झालं होतं.

पण काही कथांच्या बाबतीत नेमकं उलट झालं. दुसऱ्यांदा वाचताना त्या जास्त लागल्या. आणि त्या सगळ्यांचा विषय एकच निघाला: गेलेलं माणूस परत मागणं. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 'द मंकीज पॉ' (१९०२) बहुतेकांनी वाचली असेल. मेलेला मुलगा परत मागितलाय, दारावर थाप पडतेय, आई कडी काढायला धावतेय. दाराबाहेर कोण आहे हे लेखक शेवटपर्यंत दाखवत नाही. स्टीफन किंगची 'पेट सेमेटरी' (१९८३) म्हणजे तीच इच्छा कादंबरीभर ताणलेली, फक्त तिथे दार उघडतं.

माझं मत असं झालंय की भुताची भीती सरावाने जाते, गमावण्याची जात नाही. तुमचा अनुभव काय? आणि कुणाला असा महिना करायचा असेल तर वाचनाचा क्रम काय ठेवावा?

रातकिडा

पहिला! सविस्तर रात्री लिहितो. हा धागा उजेडात वाचायचा नाही.

अश्वत्थ

सांजवातताई, धागा आवडला. तुमच्या निरीक्षणाला नाट्यशास्त्रात जागा आहे. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यात भयानक आणि बीभत्स वेगवेगळे ठेवलेत. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. आणि अद्भुत तिसराच, त्याचा स्थायीभाव विस्मय. आजच्या बऱ्याच भयकथांत हे तिन्ही एकाच भांड्यात ओतलेले असतात, त्यामुळे आपल्यालाही कळत नाही की आपण घाबरलो, किळसलो की थक्क झालो.

माझा अंदाज, तुमची बोथट झाली ती जुगुप्सा. रक्त-मांस-किडे यांना मन फार लवकर सरावतं. भय त्याच्या जागी शाबूत राहिलं, म्हणून तर त्या ठरावीक कथा लागल्या.

हे तिन्ही रस एकत्र आणूनही गोंधळ न करणारं उदाहरण हवं असेल तर भवभूतीच्या 'मालतीमाधव'चा पाचवा अंक वाचा. आठव्या शतकातलं नाटक. प्रेमात हताश झालेला माधव स्मशानात जाऊन भुताखेतांना नरमांस विकायला उभा राहतो आणि तिथेच त्याला कळतं की अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा चामुंडेला बळी देणार आहे. स्मशानाचं वर्णन किळसवाणं आहे, पण पोटात गोळा येतो तो मालतीचा आवाज ऐकू येतो तेव्हा.

तळघर

मी असहमत. गमावण्याचं दुःख हे दुःख आहे, त्याला भीती म्हणू नका. करुण रसाला भयानकाचे कपडे घालून तुम्ही दोन्ही गोष्टी एक करताय.

भीती टिकते ती न दाखवण्यामुळे. जुनी इंग्रजी भयकादंबरीकार ॲन रॅडक्लिफ, तिचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये छापून आला. त्यात तिने दोन प्रकार केलेत. एकात धोका धूसर असतो आणि मन ताणून जागं होतं, मोठं होतं. दुसऱ्यात सगळं समोर येऊन आदळतं आणि मन आक्रसून गोठतं. पुढे इंग्रजी भूतकथाकार एम. आर. जेम्सनेही हेच धरून ठेवलं. भूत दुष्ट असावं, पण लेखकाने हात आखडता ठेवावा. त्याच्या कथांत तुम्हाला दिसतं काय? सुरकुतलेली चादर, उशीखाली हाताला लागलेलं काहीतरी, बस्स.

शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' (१९५९) बघा. (पुढे कथानक फुटेल, न वाचलेल्यांनी हा परिच्छेद सोडा.) अंधारात एलेनॉर शेजारच्या पलंगावरच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडली आहे. दिवा लागतो, तर मैत्रीण लांब, तिच्या पलंगावर झोपेतून उठतेय. मग हात कुणाचा होता? अख्ख्या कादंबरीत भूत असं दिसतच नाही. मी ते पान कितीदा वाचलंय, दर वेळी अंगावर काटा येतो. त्यात गेलेलं माणूस कुठे आहे?

सांजवात

@तळघर, मला वाटतं तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. तो हात इतका का लागतो? एलेनॉरने अकरा वर्षं आजारी आईची शुश्रूषा केलीय, त्यापायी तिचं स्वतःचं म्हणून काही उरलेलं नाही. कुणीतरी आपला हात धरावा, ही त्या बाईची सगळ्यात साधी इच्छा. ती त्या घराने पुरी केली. कुणा धीट, सुखी माणसाच्या हातात तोच हात दिला असता तर ती चांगली युक्ती ठरली असती, एवढंच.

न दाखवणं महत्त्वाचं आहेच. पण दाराआड कोण आहे हे न दाखवता नुसतं दार बंद ठेवलं तर भीती वाटत नाही. दार उघडावंसं वाटणारं कुणीतरी आत असावं लागतं.

तळघर

हे वाक्य चांगलं आहे. मत बदललेलं नाही.

डॉ_नाडी

दोन अभ्यास या चर्चेला उपयोगी आहेत. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी 'भुताच्या घरात' फिरायला आलेल्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भीती फार कमी असली तरी मजा नाही, फार जास्त असली तरी नाही, मधे कुठेतरी सर्वांत जास्त मजा. आलेख उलट्या यू अक्षरासारखा. सांजवात यांना महिन्याच्या मध्यावर जे वाटलं त्याचा यातून थोडा अर्थ लागतो. सरावाने भीती खाली आली, त्याबरोबर गंमतही. मग ज्या कथा अजून वरच्या पट्टीत वाजत होत्या तेवढ्याच जाणवल्या.

दुसरा अभ्यास २०२१ चा. करोनाच्या सुरुवातीच्या काळात भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचं त्यात दिसलं. मात्र हा नुसता संबंध आहे. भयपटांमुळे मन घट्ट होतं, की मुळात घट्ट मनाची माणसं ते बघतात, हे यावरून ठरत नाही.

भुंगा

म्हणजे डॉक्टर, रोज झोपण्यापूर्वी एक भूत, महिनाभर, नंतर दाखवायला येऊ?

डॉ_नाडी

@भुंगा, झोप लागत नसेल तर मात्रा अर्धी करा. :)

गंमत बाजूला. ज्यांना झोपेत अंग जखडून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटण्याचा त्रास आहे, त्यांनी झोपण्याच्या आधी या कथा वाचू नयेत असं मी सांगेन. सकाळी वाचा, कथा तीच असते.

कंदीलवाली

फार दिवसांनी लिहितेय.

माझा भाऊ गेला तेव्हा लोकांनी मला प्रेमाने बरीच पुस्तकं दिली. धीर देणारी, सकारात्मक. एकही वाचवलं नाही. त्या पुस्तकांतली माणसं मला खोटी वाटायची. मग कपाटातलं एक जुनं भयकथांचं पुस्तक हाती लागलं आणि मी त्याच पुस्तकात जाऊन राहिले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते. भयकथेत कुणीही म्हणत नाही की सगळं ठीक होईल. तिथे मृत्यू मोठा असतो, लोक त्याच्याभोवती दबकून चालतात, रात्री जागतात, दाराकडे बघत राहतात. माझ्या घरात तेच चाललं होतं. खोटं न बोलणारी ती एकच जागा मला मिळाली.

म्हणून तळघर यांना सांगावंसं वाटतं, दुःख आणि भीती इतकी वेगळी नसतात हो. तो परत यावा असं मला दिवसभर वाटायचं आणि रात्री जिन्यात आवाज झाला की तो येऊ नये असंही वाटायचं. दोन्ही खरं होतं. 'मंकीज पॉ'मधली आई आणि वडील हे माझ्या एकटीच्याच मनात होते, एक कडी काढायला धावणारी, दुसरा ती निघू नये म्हणून धडपडणारा.

मेरी शेलीबद्दल वाचलं तेव्हा हे आणखी पटलं. १८१५ च्या फेब्रुवारीत तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. मार्चमध्ये मेरीने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय: बाळ नुसतं गारठलं होतं, आम्ही शेकोटीजवळ चोळलं आणि ते जगलं. जाग आल्यावर बाळ नाही. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिने 'फ्रँकेन्स्टाइन', निर्जीव देहात जीव घालणाऱ्या माणसाची गोष्ट, लिहायला घेतली. वय अठरा. सगळे त्या कादंबरीत विज्ञानाचा गर्व बघतात, तो आहेच. मला मात्र त्यात शेकोटीजवळ बसलेली ती पोर दिसते.

रातकिडा

कंदीलवालीताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

धूमकेतू

अवांतर: तो १८१६ चा उन्हाळा म्हणजे उन्हाळा नव्हताच. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून वर गेलेल्या गंधकाच्या वायूंचं वातावरणाच्या वरच्या थरात बारीक कणांचं आवरण झालं आणि ऊन अडलं. युरोपात पाऊस, थंडी, बुडालेली पिकं. जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरन, कवी पर्सी शेली, मेरी आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी घरात अडकून पडले, जर्मन भुतांच्या गोष्टी वाचू लागले आणि मग बायरन म्हणाला, आपण प्रत्येकाने एक लिहू. त्या पैजेतून 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आली आणि पॉलिडोरीची 'द व्हँपायर'ही (१८१९). अभिजात, खानदानी रक्तपिपासू हा नमुना इंग्रजी गद्यात तिथून रुळला. 'ड्रॅक्युला' यायला अजून जवळजवळ ऐंशी वर्षं होती, १८९७.

शेवटचं_पान

शीर्षकात काळोख्या अद्भुतकथाही आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये! मी लिहिते.

माझ्या मते या दोन प्रकारांत वाचकाची जागाच वेगळी असते. भयकथेत जग आपलं असतं. त्यात एक चीर पडते आणि तिथून काहीतरी आत येतं. साहित्यसमीक्षक तोदोरोव्हने १९७० मध्ये मांडलेली ती दोलायमान अवस्था, हे खरंच घडतंय की मनाचा खेळ, ती भयकथेत असते. काळोख्या अद्भुतकथेत ही दोलायमानता नाहीच. तिथे जगच तसं आहे, माणसं त्यात जन्मली, वाढली, त्यांनी त्याच्याशी जमवून घेतलंय. 'हे खरं का?' असा प्रश्न कुणाला पडत नाही. 'यात जगायचं कसं?' हा पडतो.

मायकेल मूरकॉकचा एल्रिक घ्या, १९६१ पासूनचा. प्रकृतीने दुर्बळ राजा, त्याला बळ देते त्याची तलवार आणि ती आत्मे पिते. शत्रूंचे पिते तसे त्याच्या जिवलगांचेही. ती टाकली तर तो उभा राहू शकत नाही. यात दचकण्यासारखं काही नाही. आहे तो सावकाश पसरत जाणारा विषाद. किंवा मर्विन पीकची 'टायटस ग्रोन' (१९४६): एकही चेटूक नाही, एकही भूत नाही, आहे तो फक्त अफाट, ढासळता वाडा आणि त्यात अर्थ विसरलेले विधी तसेच पाळत राहिलेली माणसं. तरी ती काळोखी अद्भुतकथाच.

मराठीत या वाटेवर सगळ्यात पुढे गेले ते जी. ए. कुलकर्णी. 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन्ही दीर्घकथा कुठल्याच नकाशावर नसलेल्या मुलखात घडतात. जीएंकडे नियती हेच ते श्वापद. ते लपलेलं नाही, सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी माणूस चालत राहतो.

सांजवात, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: अशा कथांनी भीती बोथट होत नाही, कारण त्या भीतीवर उभ्याच नाहीत. महिन्याचा उत्तरार्ध त्यांना द्या.

अश्वत्थ

जीएंचा विषय निघालाच आहे तर 'स्वामी'. मराठीतली सगळ्यात भीतिदायक कथा कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगतो. एका वाटसरूला आदराने मठात नेतात आणि स्वामी म्हणून, मानाने, भूमिगत खोलीत कायमचं कोंडतात. ना भूत, ना हिंसा. कोंडणाऱ्यांची नम्रता हीच त्यातली भयंकर गोष्ट. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हात जोडून दार लावणाऱ्याशी काय भांडणार?

रातकिडा

रात्र झाली, आलो.

नारायण धारपांचं नाव अजून कसं आलं नाही? माझ्या पिढीतले कितीतरी जण त्यांच्यामुळे वाचक झाले. त्यांच्या कथांत समर्थ नावाचं पात्र येतं, दुष्ट शक्तींशी आत्मबळावर लढणारं. समीक्षक नाकं मुरडतात: समर्थ आले की निकाल ठरलेला, मग भीती कसली? मला हे मान्य नाही. समर्थ आहेत म्हणून मुलगा अंधारात पाऊल टाकतो. आधार असला की माणूस जास्त खोल उतरतो, आणि धारप त्याला खरोखरच खोल नेतात. शिवाय सगळ्याच कथांत समर्थ नसतात. त्यांच्याशिवायच्या कथा वाचताना ते नसल्याचं जाणवतं, तीच भीती.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वेगळ्या. तिथे बहुतेकदा काळोख माणसाच्या मनातच असतो. 'खेकडा' वाचल्यावर मला भुतापेक्षा लहान मुलांच्या शांत बसण्याची जास्त धास्ती वाटायला लागली.

तळघर

धारपांबद्दल रातकिड्याशी पूर्ण सहमत. विशेषतः 'आधार असला की माणूस जास्त खोल उतरतो', हे पटलं.

आता सांजवात यांच्या सिद्धांताला एक अडचण. शर्ली जॅक्सनचीच 'द लॉटरी', जून १९४८ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये आली. छान सकाळ, गावकरी जमलेत, मुलं गोटे गोळा करतायत, चिठ्ठ्या निघतात. पुढचं सांगत नाही. जॅक्सनला त्या उन्हाळ्यात तीनशेहून जास्त पत्रं आली, कितीतरी संतापाची. आणि काही लोकांनी विचारलं होतं की हे कुठे चालतं, बघायला जाता येईल का. या कथेत कुणी कुणाला परत मागत नाही. शोक करायला कुणाला उसंतच नाही. तरी ती बोथट होत नाही. का?

सांजवात

@तळघर, दिवसभर याचाच विचार करत होते.

माझं उत्तर: 'लॉटरी'तही गमावणं आहे, फक्त ते मरणाने होत नाही. सकाळी जे शेजारी होते, नवरा होता, मुलं होती, ती सगळी, जिची चिठ्ठी निघते त्या बाईच्या डोळ्यांदेखत परकी होतात. माणसं तिथेच उभी आहेत आणि तरी गेलेली आहेत. 'पेट सेमेटरी'त परत येतो तो मुलगा दिसायला तोच असतो आणि तो नसतो. 'स्वामी'तली नम्र माणसंसुद्धा तशीच, माणसासारखी वागणारी, पण माणूस म्हणून हाक मारली तर ओ न देणारी. मला वाटतं सराव होत नाही तो याचा. आपलं माणूस समोर असून त्याच्यात आपलं काही न उरणं.

कंदीलवाली

हो. अगदी हेच. शेवटच्या दिवसांत भाऊ औषधांच्या गुंगीत असायचा. डोळे उघडे, पण मला ओळखायचा नाही. कुठल्याही कथेत मी तेवढी घाबरलेली नाही.

तळघर

कंदीलवालीताई, तुम्ही हे इथे लिहिलंत याबद्दल आभार. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण 'लॉटरी' आज या नजरेने पुन्हा वाचणार आहे.

मनकवडी

मी फार घाबरट वाचक आहे, आणि माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला अशा महिन्याचं वेड लागलंय. ती सरळ 'पेट सेमेटरी'पासून सुरुवात करायची म्हणतेय. काय करू? नको म्हटलं तर चोरून वाचेल.

शेवटचं_पान

मनकवडीताई, नको म्हणू नका, क्रम बदला. 'पेट सेमेटरी' लिहून झाल्यावर खुद्द किंगने ती फार काळी झाली म्हणून बाजूला ठेवली होती. तिला सांगा, ती शेवटी. आधी छोट्या कथा. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो १८४६ च्या निबंधात म्हणतो तसा, एका बैठकीत वाचून संपेल अशा रचनेचा परिणाम अखंड राहतो. आणि तुमच्या लेकीच्या बाबतीत आणखी एक फायदा: गोष्ट संपल्यावरच झोप, अर्ध्यात सोडून नाही. अर्धवट भयकथा पुऱ्या कथेपेक्षा वाईट, उरलेली आपलं मन लिहितं.

आणि जमलं तर तुम्हीही तीच कथा वाचा. दिवसा. दुसऱ्या दिवशी बोलायला विषय होईल.

भुंगा

आमच्या घरी हे केलं होतं. वडील आणि मी एकच पुस्तक, ते पुढे, मी मागे. ते एखाद्या पानावर पेन्सिलीने 'इथे थांबू नकोस' असं लिहून ठेवायचे. किती धीर यायचा त्या अक्षराचा!

रातकिडा

वा भुंगा! वाखुसा (वाचनखूण साठवली).

सांजवात

आतापर्यंतच्या चर्चेवरून पुढच्या महिन्याचा क्रम असा लावतेय. सुरुवातीला जेम्स, जेकब्ज यांच्या छोट्या कथा, मन ताजं असताना, कारण त्यांच्या युक्त्या एकदा कळल्या की त्यांची धार जाते. मग धारप आणि मतकरी. त्यानंतर दोन-तीन दिवस मोकळे, डॉक्टरांचा तो आलेख लक्षात ठेवून. मग 'हिल हाऊस', सलग. उत्तरार्धात पीक आणि जीए. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांनी 'पेट सेमेटरी' स्वतःच्या मनाला विचारून घ्यावी. कंदीलवालीताईंना अशा कथांनी आधार दिला, दुसऱ्या कुणाला त्या सोसणार नाहीत.

अश्वत्थ

यादीत सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तली वेताळपंचविशी घ्या. अकराव्या शतकातला काश्मिरी ग्रंथ. स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, त्यात शिरलेला वेताळ, खांद्यावर ओझं, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल ही धमकी. पण अखेर राजाला कपटी भिक्षूपासून वाचवतो तो वेताळच. वर तुम्ही म्हणालात की माणसासारखं दिसणाऱ्यात माणूस न उरणं सगळ्यात भयंकर. इथे उलटं आहे, प्रेतात शिरलेला जो आहे तोच रात्रभर राजाला पारखतो आणि त्याचा मित्र होतो. 'हिल हाऊस'नंतरच्या रात्रींसाठी हे चांगलं.

मनकवडी

लेकीने वरचा सगळा धागा वाचला. वेताळापासून सुरुवात करायला तयार झाली आहे, पण म्हणते की प्रत्येक गोष्टीतला पेच मी आधी सोडवायचा, मग ती राजाचं उत्तर वाचून दाखवणार.

रातकिडा

मलाही घ्या. रोज एक पेच इथे टाका, उत्तर दुसऱ्या रात्री. अश्वत्थकाका, तुम्ही पहिला टाकता का?

अश्वत्थ

टाकतो. पद्मावतीची गोष्ट, उद्या रात्री. नवीन धागा काढतो.